‘टक’ वाजलं म्हणजे सेल्फ गेला असं नाही

“चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’ वाजलं की सेल्फ संपला. तो दुरुस्त होत नाही, नवाच टाका. तोवर हातोडीने ठोका, नाहीतर सोलेनॉइडला स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट द्या.” हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला आणि काका खरंच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. आता पुरे. (सेल्फ म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर, आणि सोलेनॉइड म्हणजे तिला करंट देणारा, तिच्यावरच बसवलेला स्विच.)

आधी स्क्रूड्रायव्हरचंच बोलू, कारण यात माणूस मरू शकतो. सोलेनॉइडच्या जाड बोल्टावरून बारीक वायरीच्या टर्मिनलला शॉर्ट दिला की चावी आणि क्लचचा स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा) दोन्ही बाजूला पडतात. आपल्याकडे कितीतरी गाड्या गिअरमध्ये टाकून उभ्या केलेल्या असतात. अशी गाडी चावी बंद असली तरी सेल्फच्या जोरावर झेप घेते, आणि शॉर्ट देणारा नेमका तिच्यापुढे वाकलेला असतो, नाहीतर खाली झोपलेला. दोन्ही जाड बोल्ट जोडले तर मोटर नुसती गरगरते. पिनियन (इंजिनाला फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकतच नाही, इंजिन जागचं हलत नाही, ठिणग्या तेवढ्या उडतात.

हातोडीचं अर्धं खरं आहे, मान्य. झिजलेला कार्बन (मोटरला करंट पोचवणारा ब्रश) हलक्या ठोक्याने कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या तांब्याच्या कड्याला, टेकतो आणि गाडी एक-दोनदा लागते. तेवढ्यात गॅरेज गाठा. पण हल्लीच्या पुष्कळ सेल्फमध्ये फेराइटचे चुंबक असतात. जोरात हाणलं की ते तडकतात, आणि नुसत्या कार्बनवर भागणारं काम आख्ख्या सेल्फवर जातं.

‘टक’ म्हणजे सेल्फच, हे कुणी ठरवलं? गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मीटर लावा. चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी तपासा. ‘टकटकटक’ वाजत असेल तरी तेच, आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा. मग सेल्फ मारतानाच बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर दोष केबलचा. मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत ०.३ हून जास्त आलं तर अर्थिंगचा. हे सगळं ठीक असेल तरच सेल्फ खोला.

आणि दुरुस्त होत नाही म्हणे! वर्कशॉप मॅन्युअलमध्ये कार्बनची किमान लांबी आणि कम्युटेटरचा किमान व्यास छापलेला असतो, तो मोजून दुरुस्ती करण्यासाठीच. कार्बन, बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी), सोलेनॉइड, बेंडिक्स (पिनियनचा जोड) सुटे बदलतात. आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळलं, कम्युटेटर त्या मापाखाली गेला किंवा हाउसिंग फुटलं, तर मात्र नवाच घ्या. दात घासल्याचा आवाज येत असेल तर त्याआधी फ्लायव्हीलची रिंग (इंजिनावरचं मोठं दातेरी कडं, ज्यात पिनियन अडकतं) बघा. तिचे दात गेले असतील तर नव्या सेल्फचं पिनियनही ती खाणार.