क्यूआर कोड आणि आबांचं पागोटं

परवा आईला घेऊन भायखळ्याला गेले, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. आयुष्य लालबागला काढलं, नातवंडांना पेंग्विन तीनदा दाखवून झाले, पण शेजारच्या या इमारतीत आई कधी शिरलीच नव्हती. मातीच्या छोट्या पुतळ्यांच्या कपाटापाशी ती थांबली ती थांबलीच. जुन्या मुंबईतले नाना जातीजमातींचे लोक, त्यांचे पेहराव, पगड्या, पागोटी.

"आबांचं पागोटं असंच. मी पडवीच्या त्या टोकाला कापड ताणून धरायची, आबा पीळ देत देत पुढे यायचे. मधेच हात सुटला की बोलणी."

मागे शाळेची पोरं उभी होती, ती गप्प झाली. पहाऱ्यावरचे दादाही सरकत जवळ आले. "आमच्याकडं दाराच्या कडीला अडकवायचे, आजी. पोरगं पळून जातं, कडी नाही जात."

पाच मिनिटांचा कार्यक्रम. तिकीट नाही, माईक नाही. हे सगळं ऐकलं आम्ही दहा-बारा जणांनी आणि ते तिथेच विरलं.

हल्ली संग्रहालयांच्या बाबतीत 'ऑडियन्स एंगेजमेंट', म्हणजे प्रेक्षकाला सामील करून घेणं, हा शब्द फार ऐकू येतो, म्हणून हे लिहितेय. या शहरातल्याच दुसऱ्या एका संग्रहालयात (नाव राहू दे) भाचीला घेऊन गेले होते. प्रत्येक वस्तूखाली क्यूआर कोड. एक स्कॅन केला, रेंज येईपर्यंत भाची दोन दालनं पुढे गेली, आणि शेवटी उघडली ती इंग्रजी पीडीएफ. टचस्क्रीनवर सेलोटेपनं चिकटवलेला कागद : 'बंद आहे'. बाहेर पडताना 'तुमचा अनुभव लिहा' अशी भिंत. भाचीनं लिहिलं, 'मला हत्तीचे कान आवडले पण खाली का बघतो'. चांगला प्रश्न होता. वाचला कुणी? महिन्याभरानं गेलो तर सगळ्या चिठ्ठ्या गायब, भिंत नव्या चिठ्ठ्यांसाठी कोरी करकरीत.

तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून मुलांना कळ दाबू देतंय, चाक फिरवू देतंय आणि त्यातून मुलांना काहीतरी कळतं. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून वस्तू घेऊन शाळाशाळांत, गावोगाव जाते. त्यात सगळ्यात मोठं तंत्रज्ञान म्हणजे बसच. २०२३ च्या सुरुवातीला व्हॅन गॉगची चित्रं भिंतींवर फिरवणारा खेळ मुंबईत आला होता, तोही मी पाहिला, फोटो काढले, डीपी बदलला. पण तिथे माझ्याकडून कुणाला काही हवं नव्हतं. मी असले काय, नसले काय, सूर्यफुलं फिरणारच होती.

प्रेक्षकाला सामील करून घेणं आपल्याला बाहेरून शिकायला नकोय खरं तर. कीर्तनकार 'पुंडलिक वरदे' म्हणून थांबतो, पुढचं समोरच्यांनीच म्हणायचं असतं. संगीत नाटकात पब्लिक वन्समोअर मागायचं आणि मेलेलं पात्र उठून पुन्हा गायचं, असे किस्से आपण ऐकलेत. अहो, भायखळ्याचं हे संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं तेच मुळी नाना शंकरशेट, भाऊ दाजी अशा मंडळींनी लोकांकडून पैसा उभा केला म्हणून. वर्गणी चालली, मग माहिती का चालू नये?

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेनं २०१३ मध्ये एक साधी गोष्ट केली. जुनी हस्तलिखितं, रोजनिश्या स्कॅन करून इंटरनेटवर ठेवल्या आणि लोकांना म्हटलं, वाचा आणि टाइप करा. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं तपासायचं, शेवटची नजर संस्थेची. घरबसल्या, फुकट, कुणीही.

आता आपलं बघा. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा साठा. तिथे मोडीतले किती कागद वाचणाऱ्याची वाट बघत पडलेत! आणि मुंबईत मोडीचे वर्ग करणारे निवृत्त लोक थोडेथोडके नाहीत. आमच्या बिल्डिंगमधलेच एक काका बँकेतून सुटल्यावर मोडी शिकले. घरचं एक जुनं खत वाचून काढलं, नातेवाईकांना ऐकवलं, आणि आता वाचायला काही नाही म्हणून सुडोकू सोडवतात. कागद तिकडे, काका इकडे, मधे हार्बर लाइन. इथे तंत्रज्ञान लावा ना! एक स्कॅनर, एक मराठीतली वेबसाइट आणि तपासायला दोन जाणकार माणसं. एखाद्या दालनातल्या प्रोजेक्टरांपेक्षा महाग पडेल असं मला तरी वाटत नाही.

आणि त्या पागोट्याच्या कपाटाशेजारी एक रेकॉर्डर. बटण दाबून ऐकायची सोय तर असतेच, बटण दाबून बोलायचीही असू दे. मराठीत, कोकणीत, भोजपुरीत, ज्याला जे येईल त्यात.

काकांना काल लिफ्टमध्ये ही कल्पना सांगितली. म्हणाले, "अक्षर कुणाचं आहे त्यावर आहे गं. कारकुनाचं असेल तर महिन्याला शंभर पानं. वकिलाचं असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासून येतो."

मित्रयादीत आणखी कुणाला मोडी येतं का?