‘आजीला पैसे देऊ नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा मावशीचा फोन आला. “आपल्या गल्लीतली वर्गणी बेकायदेशीर आहे म्हणे गं. मी दर महिन्याला दोनशे देते. पोलीस येतील का?” मावशी बीड जिल्ह्यात राहते, सत्तरी ओलांडलेली, आयुष्यात कुणाचा रुपया बुडवलेला नाही. तिच्या गल्लीत एक आजीबाई दोन नातवंडं सांभाळतात. मुलांचे आईवडील दोघंही हयात नाहीत. शेजारची काही घरं महिन्याला जमेल तेवढं काढून किराणा दुकानदाराकडे देतात. तो आजींच्या पानावर मांडून ठेवतो आणि त्यातून तेल, डाळ, साबण, चहापत्ती देतो. एवढीच ती वर्गणी! मेसेज फिरल्यापासून काही घरांनी हात आखडता घेतलाय. म्हणून लिहायला बसले, नाहीतर असल्या कचऱ्याला उत्तर देण्याची हौस मला नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘दानशूरांनो, सावध व्हा’ अशी सुरुवात आणि शेवटी जोडलेल्या हातांची रांग. म्हणणं थोडक्यात असं: अनाथ मुलं सांभाळणाऱ्या नातेवाइकांना सरकार प्रत्येक मुलामागे महिना ४,००० रुपये देतं, तेव्हा वर्गणी म्हणजे दुहेरी कमाई. रोख दिलेलं सगळं दारूत जातं. आजी-मामांना मूल ठेवून घ्यायचा अधिकारच नाही, मूल संस्थेत गेलं पाहिजे. ८०जी ची पावती नसलेली देणगी बेकायदेशीर. आणि खरं पुण्य हवं असेल तर मूल थेट दत्तक घ्या, नंबर खाली दिलाय.

आधी ते ४,०००. आकडा हवेतला नाही, हे मान्य. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाची रक्कम एवढीच आहे आणि नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल तिला पात्र आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने पुढचं वाचलेलं नाही, किंवा वाचून गिळलंय. या योजनेत ग्रामीण भागासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला ६,०००. मामा कुठे ड्रायव्हर असेल आणि दहा हजार कमावत असेल, तर भाचा गेला योजनेबाहेर! राज्याची वेगळी बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम बरीच वर्षं महिना ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली आणि २०२३ मध्ये २,२५० जाहीर झाली. मंजुरी मिळाली तरी पैसे दरमहा एक तारखेला येतील, या भ्रमात कुणी राहू नये. कित्येक महिन्यांचं अनुदान तुंबतं आणि मग एकदम येतं.

आणि ते मिळवायचं कसं, हे त्या महाशयांनी एकदा करून बघावं. दोन्ही पालकांचे मृत्यूचे दाखले, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार, पासबुक, शिवाय मुलांना घेऊन घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. त्यानंतर गृहचौकशी, मग बालकल्याण समिती. समिती जिल्ह्याच्या गावी बसते. म्हणजे आजींचा दिवसाचा रोजगार बुडणार, मुलांच्या शाळेचा दिवस जाणार आणि एसटीचं भाडं खिशातून. मृत्यूच्या दाखल्यात नावाचं एक अक्षर चुकलेलं असलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी असे अर्ज भरून देते म्हणून सांगतेय. या काळात घरात चूल पेटते ती दुकानदाराच्या वहीवर. अनुदान आलं म्हणून वर्गणी थांबवा असं कुणी म्हणालं तर निदान बोलणं तरी होईल. अनुदानाचा पत्ता नसताना, ‘मिळतंय’ या ऐकीव बातमीवर ती बंद करणं म्हणजे पोरांच्या ताटातलं काढून घेणं आहे.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो: आजीला अधिकार नाही, मूल संस्थेत टाका.

बाल न्याय अधिनियम २०१५ उघडा. कलम ३ मध्ये या कायद्याची तत्त्वं आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, तोही रीतसर चौकशी केल्यानंतरचा. आधी कुटुंब, मग कुटुंबासारखी दुसरी सोय आणि काहीच जमलं नाही तर संस्था. हाच कायदा दत्तकाच्या बाबतीत ‘नातेवाईक’ म्हणजे कोण तेही सांगतो: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. मेसेजवाल्याने कायदा शब्दशः उलटा टांगलाय.

यात अर्धसत्य एक आहे आणि ते नाइलाजाने कबूल करते. मूल सांभाळलं म्हणून आजी आपोआप कायदेशीर पालक होत नाही. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो आदेश नसला की कामं अडतात. सुकन्या समृद्धीचंच बघा. आजी-आजोबांनी उघडलेली खाती कायदेशीर पालकाच्या नावे करा, असा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालाय. पण कागद अपुरा आहे म्हणून मूल उचलून बालगृहात न्या, हे कुठल्या कायद्यात बसतं? कागद अपुरा असेल तर वकिलाच्या फीसाठी वर्गणी काढा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलांना आणि स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो.

आणि संस्थेत टाकायचं म्हणजे काय, याचा विचार केलाय का कुणी? मुलगा आणि मुलगी असतील तर बहुतेक वेळा दोघांची ताटातूट, कारण बालगृहं वेगवेगळी. शाळा बदलते, गाव सुटतं. आई गेल्यावर ज्या कुशीत झोप लागते तीही जाते. बालगृहातल्या कित्येक मुलांचा एखादा पालक हयात असतो. ती तिथे पोचतात ती घरात पैसे नाहीत म्हणून. दोन घरांची मिळून महिन्याची चारशे रुपयांची वर्गणी जे रोखू शकते, तेच हा मेसेज ओढवून आणतोय.

दारूचं म्हणाल तर काही घरांत ते होतं, कोण नाही म्हणतंय? एखादा काका मदतीची रक्कम उधळतो, हे मीही पाहिलंय. त्यावर उपाय गावांना ठाऊक आहे: पैसे दुकानदाराकडे द्या, शाळेची फी परस्पर भरा, मोठी रक्कम मुलाच्या नावे ठेवीत टाका. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख देताना सरकारसुद्धा ३०,००० हाती देतं आणि ७०,००० ठेवीत ठेवतं. पण ‘रोख नकोच, वस्तूच द्या’ याने वेगळाच गोंधळ होतो. पंधरा ऑगस्टला त्याच पोराला तीन दप्तरं मिळतात आणि फोटो काढून मंडळी गाडीत बसतात. पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत शाळाच देते. पोरीला एसटीचा पास मोफत मिळतो, पोराला मात्र पैसे भरावे लागतात. आजींच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या दप्तरात येणार?

८०जी: ती आयकरातली सवलत आहे, नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. शेजारणीला दिलेल्या दोनशे रुपयांवर मिळत नाही. सवलत नाही म्हणजे गुन्हा, हा शोध कुणाचा देव जाणे. चौकात बॅनर लावून अनोळखी लोकांकडून निधी गोळा करणार असाल, तर मात्र धर्मादाय आयुक्तांकडे चौकशी करून मगच करा.

राहिला शेवटचा नंबर. मूल ‘थेट’ दत्तक देता-घेता येत नाही. अनाथ मुलाची अशी परस्पर देवाणघेवाण करणाऱ्याला कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे घेऊन मूल विकलं तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कोरोनाच्या वेळी असेच मेसेज फिरले होते आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर कारवाईचे आदेश द्यावे लागले होते. दत्तक घ्यायचंच असेल तर ‘कारा’ या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी आहे, तिथे रांगेत उभे राहा. मेसेजमधला नंबर मी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवलाय. तुमच्या ग्रुपवर आला असेल तर तुम्हीही कळवा.