एनआयपीटी पॉझिटिव्ह आली की गर्भ पाडा म्हणे! कोणी सांगितलं?

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, वर मोठ्या अक्षरात "गरोदर भगिनींनी नक्की वाचा". मुद्दे पाच. एक, एनआयपीटी ही रक्ताची टेस्ट ९९ टक्के अचूक आहे, पॉझिटिव्ह आली तर बाळ नक्की मतिमंद, पाण्याच्या (म्हणजे गर्भजलाच्या) तपासणीत वेळ घालवू नका, त्यात चांगलं बाळही पडतं, लगेच गर्भ पाडून मोकळ्या व्हा. दोन, निगेटिव्ह आली तर पुढच्या सोनोग्राफीची गरज नाही. तीन, पस्तिशीच्या आतल्या बायकांना ही टेस्ट लागतच नाही, सगळा डॉक्टरांचा धंदा. चार, थॅलेसेमियासकट सगळे आजार एकाच टेस्टमध्ये कळतात. पाच, मुलगा की मुलगी तेही कळतं, फक्त ओळख पाहिजे.

हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या जावेने पाठवला. बहिणीला तिसरा महिना संपत आलाय, डबल मार्कर या सुरुवातीच्या रक्ततपासणीत रिस्क थोडी जास्त आली म्हणून डॉक्टरांनी एनआयपीटी सांगितली, रिपोर्ट अजून यायचाय, आणि ती मला रात्री फोन करून विचारते, ताई, पॉझिटिव्ह आली तर लगेच पाडावं लागेल का गं? डोकं फिरलं माझं.

तर पहिला मुद्दा, कारण खरं नुकसान तोच करतोय.

ही टेस्ट बघते काय, तर आईच्या रक्तात डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास त्यातले साधारण दहा टक्के गर्भाच्या बाजूने आलेले असतात. डेनिस लो या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे दाखवून दिलं, त्यावरच ही सगळी टेस्ट उभी आहे. पण आपण बाळाचा डीएनए म्हणतो तो प्रत्यक्षात येतो वारेतून (प्लासेंटातून). वार आणि बाळ एकाच बीजापासून बनतात त्यामुळे बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखंच असतं, पण कधीकधी ही टेस्ट शोधते तो जास्तीचा क्रोमोसोम (गुणसूत्र) फक्त वारेच्या पेशींत असतो आणि बाळाच्या पेशी व्यवस्थित असतात. कधी जुळ्यातला एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेलेला असतो आणि त्याचे तुकडे रक्तात राहतात, तर क्वचित आईच्याच शरीरातल्या गाठीमुळे रिपोर्ट बिघडतो. म्हणून ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, म्हणजे फक्त शक्यता सांगणारी, निदान नाही, आणि हे रिपोर्टवरसुद्धा छापलेलं असतं, पण तेवढं वाचतो कोण.

९९ टक्के हा आकडा हवेतून आलेला नाही, तेवढं मान्य. डाउन सिंड्रोम (एक क्रोमोसोम जास्तीचा असल्याने बाळाची वाढ आणि बुद्धी मागे राहते ती स्थिती) असलेले शंभर गर्भ असतील तर त्यातले जवळपास नव्व्याण्णव ही टेस्ट पकडते. पण घरी रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या बाईचा प्रश्न वेगळा असतो ना. तिला हे हवं असतं की पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणींच्या बाळाला खरंच डाउन असतं.

त्याचं उत्तर २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात आहे. १५,८४१ बायका, सगळ्या वयाच्या. त्यात डाउनची बाळं ३८, आणि टेस्टने ३८च्या ३८ पकडली, मानलं पाहिजे (जुन्या पद्धतीच्या रक्त-सोनोग्राफी तपासणीने ३० पकडली आणि ८५४ जणींना उगाच घाबरवलं, त्यामुळे टेस्ट वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये). पण या टेस्टने आणखी ९ जणींना डाउनसाठी पॉझिटिव्ह दिलं ज्यांच्या बाळाला डाउन नव्हतंच. म्हणजे पॉझिटिव्ह एकूण ४७, त्यातल्या ९ चुकीच्या, जवळपास पाचात एक. त्या नऊ जणींच्या हातात हा मेसेज असता तर? पस्तिशीच्या आतल्या बायकांमध्ये तर चुकीच्या पॉझिटिव्हचं प्रमाण आणखी थोडं जास्त निघालं, कारण मुळात त्यांच्यात डाउन कमी असतं.

आणि हे झालं डाउनचं, जिथे टेस्ट सगळ्यात चांगली चालते. लॅबवाले पॅकेजमध्ये मायक्रोडिलीशन (क्रोमोसोमचा बारीकसा तुकडा गळालेला असणं) म्हणून दुर्मिळ आजारांची यादी जोडतात, त्यातल्या काहींचं बघून न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये लिहिलं की पॉझिटिव्ह रिपोर्ट साधारण ८५ टक्के वेळा चुकीचे निघतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि टेस्टवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीर इशारा दिला, फक्त या टेस्टवर निर्णय घेऊ नका, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की काही बायकांनी केवळ स्क्रीनिंगच्या रिपोर्टवर गर्भपात केलेत. हेच काम हा मेसेज मराठीत करतोय.

पाण्याच्या तपासणीची भीती घालणं हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. सोळाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत बघत बघत सुईने थोडं गर्भजल काढतात, त्यात बाळाच्या स्वतःच्या पेशी असतात, त्यावरून खरं निदान होतं. गर्भपाताचा धोका आहे, पण सराव असलेल्या हातात दोनशेत एकाहून कमी. पाचात एक चूक पत्करायची आणि दोनशेत एक टाळायची, हा कुठला हिशोब? वेळ जातो म्हणावं तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या गर्भपाताच्या कायद्यात ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुदत आहे, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचं मेडिकल बोर्डाने सांगितलं तर त्यापुढेही. निदान पक्कं झाल्यावर मूल ठेवायचं की नाही हे त्या आईने ठरवावं, डाउनची मुलं शिकतात, घरात रमतात, कोणी ठेवतात कोणी नाही. पण आधी निदान तर होऊ द्या!

बाकीचे मुद्दे भराभर. निगेटिव्ह म्हणजे सोनोग्राफी नको, हे साफ चूक. हृदयातलं छिद्र, पाठीच्या कण्यातला दोष, फाटलेला ओठ, यातलं बरंचसं क्रोमोसोम मोजून दिसतच नाही, त्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची अॅनोमली स्कॅन करावीच लागते.

पस्तिशीचं अर्धं खरं आहे, वयाबरोबर डाउनची शक्यता वाढते, पस्तिशीला साडेतीनशेत एक तर चाळिशीला शंभरात एक अशी. पण बाळंतपणं जास्त होतात तरुण बायकांची, त्यामुळे डाउनची बहुतेक बाळंही त्यांनाच होतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय की स्क्रीनिंग सगळ्या वयात देऊ करावं. धंद्याचं म्हणाल तर लांबलचक महागडी पॅकेजं गळ्यात मारतात हे खरंय, ती नको म्हणा, साधी टेस्ट पुरते.

थॅलेसेमिया, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, नेहमीच्या एनआयपीटीत कळत नाही. त्यासाठी आईची, आणि ती वाहक (स्वतः ठणठणीत, पण दोष बाळाला देऊ शकणारी) निघाली तर बापाची, एचपीएलसी नावाची स्वस्त रक्ततपासणी असते, दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. सिंधी, कच्छी, लोहाणा घरांत ही नक्की करा, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्याच आनुवंशिक आजारासाठी.

आणि पाचवा मुद्दा. गर्भजलाची तपासणी वापरून मुंबईत मुली पाडल्या जात होत्या म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी याविरुद्ध कायदा केला, देशाचा आला १९९४ मध्ये. आपल्याकडे एनआयपीटीच्या रिपोर्टवर लिंग देता येत नाही. सांगणारा गुन्हेगार, विचारणारे नातेवाईक गुन्हेगार, आणि अशी सोय आहे म्हणून जाहिरात करणं हाही तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. ज्यांच्या ज्यांच्या ग्रुपवर हा मेसेज आहे त्यांनी तो आत्ता काढा.