मामा, ते ‘शून्य’ नक्की कुठलं?

सध्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलाला घरासाठी पैसे देणारे आईबाप त्याला पांगळं करतात. आम्ही शून्यातून उभं केलं. वर त्या पैशावर मुलाला टॅक्स बसतो, आणि देऊन टाकलं की शेवट वृद्धाश्रमात.’ मला तो सख्ख्या मामांनीच पाठवला, म्हणून उत्तर देणं आलं.

आधी ते शून्य. मामांनी १९८६ साली कल्याणला वन रूम किचन घेतलं, तेव्हा आजोबांनी गावची आठ गुंठे जमीन विकली. मामींच्या पाटल्या मोडल्या. उरलेलं पीएफमधून आलं. त्या पाटल्या माहेरच्या होत्या, हे मामी अजून विसरलेल्या नाहीत.

आता आजचा हिशेब. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घ्यायचा, तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देते. राहिले १६. शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले जवळजवळ २२ लाख, आणि बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी म्हणून आणखी ४. घरभाडं भरून महिन्याला ३० हजार बाजूला टाकले, तरी नुसत्या २२ लाखांना सहा वर्षं लागतात. तोवर फ्लॅट ८० लाखांतच मिळेल का? हप्ता भरायची ऐपत पुष्कळांची असते. गाडी अडते ती हप्त्याच्या आधी. तेवढा धक्का दिल्याने पोरगं पांगळं होत असेल, तर मामाही पांगळेच म्हणायचे.

टॅक्सचं तर साफ खोटं. आईवडिलांनी मुलांना दिलेल्या रकमेवर आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. ५० हजारांची मर्यादा परक्यांकडून मिळालेल्या भेटीला आहे. गिफ्ट टॅक्स तर १९९८ सालीच गेला. फक्त रोख देऊ नका, चेकने द्या आणि एक भेटपत्र करून ठेवा.

वृद्धाश्रमाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पीएफ-ग्रॅच्युइटी झाडून देण्याला माझाही विरोधच आहे. पण त्यावर उपाय कागद आहे. करारनाम्यात स्वतःचं नाव घालता येतं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकतं. अट लिहून ठेवलेली हवी, तोंडी बोलण्यावर जाऊ नये.

आणखी एक. मेसेजभर ‘मुलगा’च आहे. मामांची मुलगी ठाण्यात भाड्याने राहते आणि तीही घर बघतेय. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ८० लाखांवर ८० हजार. मामा, हेही गणित टाका की ग्रुपवर.