पहिलीत नापास

परवा रात्री घरी पोचलो. डाव्या कानात अजून पाणी आहे, मान एकाच बाजूला वळतेय आणि आमच्या साडूभाऊंनी घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकलाय. त्याखाली आत्तापर्यंत सतरा जण हसलेत, त्यातले चार जण माझ्यापेक्षा वयाने लहान. म्हणून हे लिहितोय. बाजू मांडायला कुणी बोलवत नसेल तर आपली आपणच मांडावी लागते.

तर तीन दिवस, दोन रात्री, एक नदी, दोन बहिणी आणि त्यांचे दोन नवरे. बहिणींनी एकेक कयाक घेतली, वरून बंद, दोन पात्यांचं वल्हं, आत बसलं की कमरेखाली माणूस दिसतच नाही. उरलेलं सगळं सामान आणि उरलेले दोन साडू एका कॅनोत, म्हणजे वरून उघड्या होडीत. म्हणजे कयाक ही स्कूटर आणि कॅनो हा टेम्पो. त्या दोघी पुढे गप्पा मारत, मधूनच थांबून पक्षी बघत, आणि आम्ही मागून तंबू, भांडी, पाण्याचे कॅन आणि एकमेकांना ओढत.

दोघांनी वल्हवायच्या होडीला इंग्रजीत गमतीने घटस्फोटाची होडी म्हणतात. नवराबायकोला निदान तो मार्ग तरी असतो. साडूशी घटस्फोट घ्यायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

कॅनोत पुढच्याने जोर लावायचा आणि दगड बघायचे, मागच्याने दिशा धरायची. साडूभाऊ पहिल्याच सकाळी मागे जाऊन बसले, कारण त्यांनी व्हिडिओ बघितले होते. मागच्याला जे-स्ट्रोक यावा लागतो. एकाच बाजूने वल्हं मारत राहिलं की होडी दुसऱ्या बाजूला वळायला लागते, म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं जरासं बाहेर ढकलायचं, पाण्यात इंग्रजी जे काढल्यासारखं, की होडी सरळ राहते. साडूभाऊंनी तीन दिवसांत पाण्यात जे सोडून सगळी अक्षरं काढली. पहिल्या दिवशी आम्ही नदीच्या लांबीपेक्षा रुंदीच जास्त कापली असावी. आणि दगडाला धडकलो की मागून आवाज, "अहो, तुम्ही बघत नाही का?" म्हणजे सगळे निर्णय मागच्याचे आणि सगळे दगड पुढच्याचे. ऑफिसात पण हेच चालतं म्हणा, पण तिथे निदान बूड कोरडं असतं.

आणि ते 'निसर्गरम्य' प्रकरण. सगळे विचारतायत, कशी होती नदी, खूप सुंदर ना? मला काय माहीत! पुढच्याने दगड बघायचे असतात. मी तीन दिवस होडीच्या पुढचं दहा फूट पाणी बघितलंय, ते अगदी पाठ आहे. डोंगर, झाडं, उडणारे बगळे हे सगळं साडूभाऊंच्या वाट्याला. मी मान वर केली की नेमका तेव्हाच दगड यायचा.

रात्रींबद्दल फार लिहीत नाही. ड्राय बॅगेचं, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या पिशवीचं, तोंड तीनदा गुंडाळून बंद करायचं असतं आणि हवी ती वस्तू कायम तिच्या तळाशी असते, एवढं पुरे. दुसऱ्या रात्री टॉर्च शोधायला मी अंधारात अख्खी बॅग उपसली, कारण टॉर्च शोधायला टॉर्च लागतो. शौचालयाचा विषय तर नकोच, पाण्यापासून साठ मीटर लांब जायचं आणि पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा खणायचा. नियम बरोबरच आहे, नदी घाण होऊ नये, पटतं मला. पण पहाटे, अर्धवट झोपेत, ओल्या गवतातून साठ मीटर मोजत जाणाऱ्या माणसाची घाई नियम लिहिणाऱ्याला कधी झालेली नसावी.

असो. मुद्द्यावर येतो.

नद्यांची अवघडपणानुसार प्रतवारी असते, वर्ग एक ते वर्ग सहा. सहावा म्हणजे जिवावरचा खेळ. पहिला म्हणजे हलक्या लाटा, मोकळं पाणी, नवशिक्यांसाठी. आमची नदी पहिलीतली. हॅनेस लिंडेमन नावाच्या माणसाने १९५६ साली घडी करून ठेवता येणाऱ्या कयाकमधून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी, जिथे उतरायचं त्या जागेपासून जेमतेम वीस पावलांवर पालथे झालो. पहिलीत नापास, तेही वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरला.

झालं असं की काठाजवळ एका मोठ्या दगडामागे पाणी उलटं फिरत होतं, त्याला एडी म्हणतात. होडी प्रवाहातून तिकडे शिरली की गर्रकन वळते, सायकल वळवताना झुकतो तसं वळणाच्या आतल्या बाजूला झुकायचं असतं. साडूभाऊ ओरडले, "डावीकडे!" आता नदीत डावं म्हणजे प्रवाह जातो त्या दिशेला तोंड केल्यावरचं डावं. पण होडी तोवर अर्धी फिरलेली. नदीचं डावं, होडीचं डावं की साडूभाऊंचं डावं, याचा विचार करण्यात जो एक सेकंद गेला त्यात मी, कधीही करू नका असं बजावून सांगितलेलं काम केलं, दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला. मग होडी, मी, भांडी, सगळं पाण्यात. हे मी मान्य करतो. यापुढचं मात्र मी शंभर टक्के नियमाने वागलो, आणि फोटो यापुढचा आहे.

पहिल्या दिवशी शिकवलं होतं की वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहू नका. पाठीवर झोपा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि हातांनी हळूहळू काठाकडे या. मी तेच केलं. पाणी गुडघ्यापेक्षा कमी असेल तर उभं राहिलेलं चालतं, हेही सांगितलं होतं, नाही असं नाही. पण पाण्यात पडताना कुणी फूटपट्टी घेऊन पडतं का?

मी आकाशाकडे बघत, लाइफ जॅकेटमध्ये, बोटं वर करून पडलो होतो आणि मनात म्हणत होतो की घाबरलो नाही, छान जमतंय. तेवढ्यात डोक्याच्या बाजूने आवाज आला.

"काय हो, झोपलात का?"

मान तिरकी करून बघितलं. काठावर घडीची खुर्ची, खुर्चीत एक काका, डोक्यावर टोपी, हातात गळ.

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

"वाहतोय."

काकांनी जरा वेळ निरीक्षण केलं. "कुठे वाहताय? मघापासून तिथेच तर आहात."

हे खरं होतं. माझं बूड दोन गोट्यांमध्ये टेकलं होतं आणि पाणी मला वळसा घालून आपल्या कामाला जात होतं.

"मग उठा की."

"उठायचं नसतं."

"का?"

आता ही काय वेळ आहे का हो? पण माणसाने विचारलं तर सांगावं, म्हणून मी त्यांना पडल्या पडल्या समजावलं, की वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो, मागून प्रवाह ढकलतो, माणूस पुढे पालथा होतो, पाय सुटत नाही आणि बुडतो, चांगले पोहणारे सुद्धा. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग गळ खुर्चीला टेकवला, पँट दोन घड्या वर केली, आणि पाण्यातून चालत येऊन माझ्या डोक्याशी उभे राहिले. पाणी त्यांच्या पोटरीलाही पुरतं लागत नव्हतं.

"मी उभा आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला शिकवलं नाही म्हणून."

"पोहता येत नाही का तुम्हाला?"

"येतं!"

"मग हे जॅकेट?"

"नियम आहे."

"आणि झोपायचं?"

"तोही नियमच आहे."

काका वाकून माझ्याकडे बघत राहिले. चेष्टा नव्हती हो त्या चेहऱ्यावर, काळजी होती, आणि तीच जास्त लागली. मग त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं, जी कयाक काठाला लावून, स्वतःचे केस नीट करून कधीच उभी होती, आणि विचारलं, "बीपीची गोळी वगैरे चालू आहे का यांची?" बायको म्हणाली, "नाही, ते असेच आहेत." आणि मेहुणीने फोटो काढला.

साडूभाऊंचं ऐका. ते पडले त्याच क्षणी उभे राहिले, भर प्रवाहात, नियम धाब्यावर बसवून, आणि एका हाताने होडीचा दोर धरून टोपीसुद्धा न भिजवता काठावर आले. नियम मोडणारा फोटोत दोर धरून कर्णधारासारखा उभा आणि नियम पाळणारा त्याच्या पायाशी बोटं वर करून. खाली त्यांनी लिहिलंय, 'विश्रांती'. मी त्यावर उत्तर म्हणून पाय अडकण्याबद्दल पाच ओळी लिहिल्या, तर मावससासूबाईंनी अंगठा दाखवला आणि बाकी कुणी वाचलंसुद्धा नसणार.

शेवटी मी उठलो. उठलो म्हणजे काकांनी बखोटीला धरून उठवलं. नंतर होडी रिकामी करायलाही तेच आले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाण्याने भरलेली कॅनो पटकन उचलली जात नाही, आधी एका कडेवर कलती करून पाणी ओतावं लागतं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं तरी बरोबर जमलं. "तुमच्यामुळे मासे पळाले," एवढंच एकदा म्हणाले, तेही हळू.

मग आम्ही सामान गाडीला बांधत होतो तेव्हा काकांच्या गळाला काहीतरी लागलं. त्यांनी ओढलं, हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि लांबून उंच धरून विचारलं, "ही सँडल तुमची का?"

माझीच होती. उजवी. नवी, पाण्यात चालणारी, तिच्या पट्ट्या पायावर आवळायला मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं घालवली होती. पण काका हसत होते, साडूभाऊ हसत होते, मेहुणीचा फोन परत वर आला होता.

मी म्हणालो, "नाही."

डावी बाल्कनीत वाळतेय. बायकोने दोनदा विचारलं, टाकून देऊ का. राहू दे म्हटलं.