‘लिटरला ७८ किलोमीटर’ येतात कुठून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘प्लग-इन हायब्रिडची मायलेज चाचणी म्हणजे धूळफेक. फुल्ल चार्ज करून, इंजिन न लावताच गाडी पळवतात. वीज मोजतच नाहीत. मग लिटरला ७८ छापतात. चार्ज केली काय, न केली काय, सारखंच.’

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी. मेसेजसोबत फोटो इनोव्हा हायक्रॉसचा आहे. त्या गाडीला चार्जिंगचा प्लगच नाही, त्यामुळे हा वाद तिला लागू होत नाही.

‘इंजिन लावतच नाहीत.’ चूक. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत रोलरवर सुमारे २३ किलोमीटरची, ३० मिनिटांची फेरी असते आणि वेग ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जातो. पूर्ण चार्ज गाडी अशा फेऱ्या मारत राहते. एका फेरीत बॅटरीतून निव्वळ गेलेली ऊर्जा त्या फेरीला लागणाऱ्या ऊर्जेच्या ४ टक्क्यांखाली आली, की बॅटरी संपली असं धरतात. मग बॅटरी रिकामी असतानाची वेगळी चाचणी होते, तीही थंड इंजिनापासून. पेट्रोलचा खरा खर्च तिथे कळतो.

‘वीज मोजत नाहीत.’ मोजतात, तीही बॅटरीतली नव्हे, भिंतीतल्या प्लगमधून घेतलेली, म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून. फक्त ती किलोमीटरमागे वॉट-तास अशी वेगळ्या ओळीत छापतात आणि जाहिरात ती ओळ गाळते. अमेरिकेत उलट: ३३.७ युनिट वीज म्हणजे एक गॅलन पेट्रोल असं धरून चार्जवरच्या धावेचा आकडा ‘गॅलनला इतके मैल’ असा देतात, नुसत्या पेट्रोलवरचा वेगळा. त्याला २.३५ ने भागून ‘लिटरला इतके’ म्हणणारे तो पेट्रोलचा खर्च समजतात, आणि फसतात.

मेसेजचा रोख खरं तर तिसऱ्याच गोष्टीवर हवा होता. दोन चाचण्यांचे निकाल एकत्र करताना ‘युटिलिटी फॅक्टर’ लावतात, म्हणजे एकूण अंतरातला किती वाटा चार्जवर पडेल याचा अंदाज. समजा, गाडीचा विजेवरचा पल्ला ६० किलोमीटर आहे आणि रिकाम्या बॅटरीवर ती १०० किलोमीटरला ६.४ लिटर पिते. जुन्या युरोपीय सूत्रात हा वाटा सुमारे ८० टक्के धरला जायचा. उरलेल्या २० टक्क्यांचं पेट्रोल १.२८ लिटर, म्हणजे लिटरला ७८. आकडा हवेतला नाही, गृहीतक उदार होतं. २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी ते कडक झालं: वाटा साधारण निम्मा, म्हणजे लिटरला ३१. पुढच्या, २०२७ च्या टप्प्यात तो एक-तृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे २३ च्या घरात. गाडी तीच, इंजिन तेच.

गृहीतक का बदललं? गाड्यांमधल्या इंधनमापकांच्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये दाखवलं, की २०२१ मधल्या प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे साडेतीन पट होतं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा फरक २० टक्क्यांच्या आसपास. लोक धरलं होतं तितकं चार्ज करत नव्हते, हे एक मोठं कारण.

म्हणजे ‘चार्ज केली काय, न केली काय’ हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. रोज रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली तर पेट्रोल क्वचितच जळेल. बेळगावहून कोल्हापूरला जाऊन-येऊन सुमारे २२० धरा. रस्त्यावर कागदापेक्षा थोडं कमी धरून विजेवर ५० गेले, उरलेले १७० लिटरला १४ ने, तर १२ लिटर. एकूण लिटरला १८. चार्ज न करता निघालात तर सरळ १४, कारण मोटर-बॅटरीचं जादा वजन तवंदी घाटात इंजिनच ओढतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर बॅटरी भरलेली असूनही बहुतेक गाड्यांत इंजिन लागतं. हायवेवर ‘चार्ज’ मोड लावून बॅटरी भरणं तर टाळाच: पेट्रोलची वीज करून पुन्हा तीच वापरताना दोन्हीकडे गळती होते.

शोरूममध्ये एकत्रित आकडा ऐकून घ्या, पण लिहून घ्यायचे ते दोनच: विजेवरचा पल्ला आणि रिकाम्या बॅटरीवरचं मायलेज.