साय धरलेला चहा

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या चहावर साय असते. गाळलेला कप ओट्यावर उघडा राहतो, वर सुरकुतलेलं तपकिरी पापुद्र्याचं झाकण धरतं, आणि मगच आतून हाक येते, "ओ, चहा झाला." बेळगावच्या टिळकवाडीत जुलैमध्ये भिंतींनाही पाझर फुटतो. वाळत घातलेली बनियन चौथ्या दिवशी पुन्हा धुवावी की काय असा वास मारते. अशा हवेत कोमट चहा म्हणजे ती बनियन पिळून प्यायल्यासारखंच.

याचं मूळ निपाणीत आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, माहेरच्या ग्रुपवर एक कात्रण टाकलं. त्याखाली त्यांची स्वतःची भर होती.

"वाचलात काय? गरम चहा पिणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना कॅन्सर होतोय."

"कोण म्हणतंय?"

"पेपरात आलंय की ओ!"

संध्याकाळी साडूंचाही फोन आला. हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली. त्यांनी मला गरम चहाबद्दल कळकळीने बजावलं, पण गालात तंबाखूची गोळी असल्याने 'जपा' हा शब्द 'झफा' असा ऐकू आला. अन्ननलिकेच्या कर्करोगात तंबाखू हा जुना मानकरी. पण त्याची बातमी कोण करणार? तो काल होता, आज आहे, उद्याही असणार. चहा कसा, एकदम ताजा आरोपी!

रात्री मी ते कात्रण मोठं करून पाहिलं आणि घशाशी आलं. तारीख कापलेली होती, मथळा शाबूत होता. 'गरम चहा घेताय? सावधान!' हे उद्गारचिन्ह मी ओळखतो. ते माझंच.

मी तेव्हा इथल्याच एका दैनिकात रात्रपाळीला होतो. मार्च 2019. पान सोडायला दहा मिनिटं उरलेली, एक जाहिरात आयत्या वेळी गळालेली, आणि दोन कॉलमचं भगदाड माझ्याकडे बघत होतं. वृत्तसंस्थेकडून आलेल्या मूळ मजकुरात, म्हणजे आमच्या भाषेत कॉपीत, सगळं नीट होतं. इराणच्या गोलेस्तान प्रांतातली 50,045 माणसं, सरासरी दहा वर्षं त्यांच्यावर ठेवलेलं लक्ष. चहाच्या कपात चक्क थर्मामीटर घालून कोण किती गरम पितो ते मोजलेलं. 60 अंश किंवा त्याहून गरम चहा दिवसाला 700 मिलिलिटरच्या वर पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांपेक्षा 90 टक्क्यांनी जास्त. मी आधी इराण कापलं. कारण वाचक म्हणेल, इराणचं मला काय? मग मिलिलिटर कापले, ते ओळीत मावेनात. मग अंश गेले. उरले ते 90 टक्के, चहा आणि सावधान. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, हे देवाशपथ सांगतो. फक्त कापलं.

दहा वर्षांत त्या पन्नास हजारांतल्या 317 जणांना हा रोग झाला, म्हणजे हजारात सहा-सात. लग्नाला हजार पानं उठली असं धरा, त्यातली सहा-सात. समजा, कोमट पिणाऱ्यांत हजारी पाच असतील, तर नव्वद टक्के वाढून होतील साडेनऊ. 'हजारात पाचाचे साडेनऊ' या मथळ्यावर कोण थांबेल? मीही थांबलो नसतो.

हे माझं पहिलं पाप नव्हे. 2015 मध्ये 'चॉकलेट खा, वजन घटवा' ही बातमी जगभर फिरली, आम्हीही लावली. नंतर जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने सांगितलं की तो सापळा त्यानेच, मुद्दाम कच्चा प्रयोग करून, लावला होता. माणसं पंधरा, मोजलेल्या गोष्टी अठरा. एवढ्या काड्या टाकल्यावर एखादी तरी पेटणारच, आणि पेटली तिचंच प्रसिद्धिपत्रक काढलेलं. तो खुलासा मी आत पाचव्या पानावर, श्रद्धांजलीच्या खाली बसवला. मधल्या काळात घरात मात्र, चॉकलेटने वजन उतरतं तर आपल्या बेळगावी कुंद्याच्या मिठाईने का नाही, असा मुद्दा मी मांडत होतो. अर्धा किलोचा डबा रविवारपर्यंत टिकत नव्हता.

बचावाला पुरावा हवा म्हणून आता जुनं धुंडाळलं. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये ब्रिटनमधल्या 20 मोठ्या विद्यापीठांनी संशोधनाबद्दल काढलेली 462 प्रसिद्धिपत्रकं तपासली होती. चाळीस टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा फुगवलेला सल्ला! उंदरांवरच्या निष्कर्षावरून थेट माणसांवर उडी पत्रकातच असेल तर 86 टक्के बातम्यांतही ती दिसली, पत्रक जपून लिहिलेलं असेल तर फक्त 10 टक्क्यांत. म्हणजे पाणी घालणारा गवळी वेगळाच, आम्ही नुसते रतीब टाकणारे. हे मी बायकोला ऐकवलं, आणि त्या ओघात कात्रणाचंही कबूल करून बसलो.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या चहाच्या कॉपीत सगळं नीट होतं म्हणालात न्हवं?"

"होतं."

"मग पाणी कोण घातलं ओ?"

मी गप्प. मुलाने केकसाठी आणलेला थर्मामीटर होता, तो काढून तिच्यासमोर चहात धरला. कपात ओतल्या ओतल्या 76. बशीत ओतून दोन फुंकरा मारल्या तर 57. माझे वडील जन्मभर बशीतून भुर्रकन चहा प्यायचे आणि आम्ही शिकलेली पोरं पाहुण्यांसमोर लाजायचो.

बायकोने बराच वेळ आकड्याकडे पाहिलं. "हे अक्काला लिवून पाठवा. पण सगळं लिवा, कापू नका."

मी लिहिलं. इराण, प्रांत, माणसं, वर्षं, अंश, मिलिलिटर, 317, बशी, सगळं. तेवीस ओळी झाल्या. नोकरीत एवढं प्रामाणिक कधी लिहिलं नव्हतं. दहा मिनिटांत निपाणीहून उत्तर आलं. बायकोने मोठ्याने वाचलं:

"बरं झालं कळवलात. दाजी विचारतात, ते 700 मिली चहा बशीतनंच घ्यायचा काय, आणि उपाशीपोटी घेतला तर चालतंय न्हवं?"